एकवीस किलोमीटरचं भांडण

तीर्थरूप (आणि सध्या समुद्रस्थ) मामांस,

साष्टांग नमस्कार. यातला ‘साष्टांग’ अगदी शब्दशः घ्यावा, कारण हे पत्र मी पलंगावर पालथा पडून लिहितो आहे आणि माझी आठही अंगं गादीला टेकलेली आहेत. उताणं होता येत नाही, बसता तर मुळीच येत नाही. काल एकदा उभं राहून पाहिलं, पण गुडघ्यांनी असा काही आवाज केला की शेजारच्यांना वाटलं, कुणीतरी कपाट सरकवतंय. तुमची तब्येत कशी आहे? इंजिनखोलीतल्या उकाड्याने अंगावर पुरळ उठलं होतं, ते गेलं का? जहाजावरचा नवा स्वयंपाकी तरी मीठ बेताने घालतो का? इकडे सर्व क्षेम. मामी ठणठणीत आहे. इतकी, की काल माझ्या पोटऱ्यांना तेल चोळताना म्हणाली, “तुझ्या वयाची माणसं अशी कशी रे?” तिचं वय अठ्ठावन्न, माझं एकेचाळीस. हा प्रश्न कुणी कुणाला विचारायचा ते तुम्हीच ठरवा.

पत्रास कारण असं, की मामी धावली. धावपळ केली असं नव्हे (ती जन्मभर करतेच आहे), तर अंगात टी-शर्ट, कमरेला नाडी आवळलेली तुमची जुनी राखाडी पॅन्ट आणि पाठीवर कापडी पाटी अशा थाटात, भर रस्त्यावरून, दिवसाढवळ्या, हजारो लोकांबरोबर धावली. एकवीस किलोमीटर. याला अर्धी मॅरेथॉन म्हणतात. मामा, ‘अर्धी’ या शब्दावर कधीही विश्वास ठेवू नका. अर्धा कप चहा, अर्ध्या दिवसाची रजा, अर्धं डोकं दुखणं, हे सगळं मी भोगलेलं आहे. त्या अर्ध्यांचा आणि या अर्ध्याचा काडीचाही संबंध नाही. आणि मामी धावली कुणासाठी? तुमच्या आईसाठी. माझ्या आजीसाठी. घोटभर पाणी प्या, मग पुढे वाचा.

तुम्ही वर्षातले नऊ-दहा महिने पाण्यावर, त्यामुळे सासू-सुनेचं हे युद्ध तुम्ही फक्त सुट्टीपुरतं पाहिलंत, आणि तेही तुम्ही घरात पाऊल टाकलं की दोघी तह करायच्या. मी खालच्याच मजल्यावर राहतो, आणि आई गेल्यापासून दोन्ही वेळा वर मामीकडेच जेवतो, म्हणून मला सगळं ठाऊक. आजीला खिडकी बंद हवी, मामीला उघडी. मामी टॉवेलची घडी उभी घालायची, आजी ती मोडून आडवी घालायची. चहात आधी साखर की आधी दूध यावरून एकदा दोघी आठवडाभर बिनसाखरेचा कोरा चहा प्यायल्या, पण माघार कुणी घेतली नाही. पुढे पुढे तर त्या एकमेकींशी थेट बोलतसुद्धा नसत. मध्ये कुणीतरी लागायचं, बहुतेकदा मीच. “ढोल्या, सांग त्यांना, गोळीची वेळ झाली.” आजी हाताच्या अंतरावर बसलेली. “ढोल्या, सांग तिला, मला घड्याळ कळतं.” घास हातात धरून मी टपालखात्याची नोकरी करायचो. एकच वाक्य आजीने माझ्यामार्फत कधी पाठवलं नाही. मामीने काहीही करायला घेतलं, भिंतीला रंग द्यायला, स्कूटर शिकायला, की आजी आपल्या खुर्चीतून थेट म्हणायची, “तुझ्या हातून होणार नाही.” झालं! मग मामी ते करायचीच. आपल्या बैठकीच्या खोलीला तो जो पोपटी रंग आहे ना, तो असा लागला आहे.

माझा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा, त्यामुळे मला हे जरा लवकर कळायला हवं होतं. लिफ्टच्या डब्याच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीच्या कडेने, लोखंडाचं वजन लटकत असतं. डबा वर निघाला की वजन खाली, वजन वर की डबा खाली. दोघं जन्मात एका दिशेने जात नाहीत. पण ते वजन काढून घ्या, की डब्यातल्या माणसांनी आपापल्या वकिलाला फोन केलेला बरा.

तर, आजीचे शेवटचे महिने टेकडीवरच्या शुश्रूषागृहात गेले हे तुम्हाला माहीतच आहे. तुम्हाला समुद्रातून येता आलं नाही, ते आम्ही सगळे समजून आहोत, आजीसुद्धा समजून होती. पण तिथे काय घडलं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. तिथे गेल्यावर आजीने जेवण टाकलं. सूप आणा, भात आणा, तोंड भिंतीकडे. तिथल्या मुख्य परिचारिका आहेत, त्यांना सगळे ‘मोठ्या सिस्टर’ म्हणतात (उंचीने माझ्या खांद्याइतक्या, आवाजाने इमारतीइतक्या). त्यांनी एक दिवस मामीला बाजूला घेतलं. आम्हाला वाटलं, आता काहीतरी वाईट ऐकायचं. त्या म्हणाल्या, “काल तुम्ही आलात, उशीवरून तुमचं दोघींचं वाजलं, आणि भांडता भांडता यांनी वाटीभर सूप संपवलं. रोज याल का भांडायला?”

मामी रोज गेली. भेटीची वेळ संध्याकाळची, पण मोठ्या सिस्टरांनी तिच्यासाठी जेवणाच्या वेळीही दार उघडं ठेवलं. मामी बसमध्ये बसून आज काय विषय काढायचा याची तयारी करून जायची. “सिस्टर, सांगा यांना, सूप गार होतंय.” “सिस्टर, सांगा तिला, मला गारच आवडतं.” आणि चमचा तोंडात. मी त्या इमारतीतल्या लिफ्टची देखभाल करतो, त्यामुळे येता-जाता दाराशी उभा राहून बघायचो, आणि मला कळायचं नाही की हसावं की पान्हा हातातून टाकून तिथेच बसावं. शेवटच्या दिवशी आजी काहीच बोलली नाही. तेव्हा मामी एकटीच दोन्ही बाजूंनी भांडत बसली होती. आधी स्वतःचं वाक्य, मग आजीचं. बराच वेळ. हे तुम्हाला कळायला हवं असं मला वाटलं, म्हणून लिहिलं.

आता धावण्याकडे वळतो (वळतानाही कंबर दुखते). शुश्रूषागृहाच्या मदतीसाठी दरवर्षी ही दौड असते. ज्याने त्याने आपल्या माणसासाठी धावायचं, आणि त्या माणसाचं नाव कापडावर लिहून पाठीला लावायचं. सिस्टरांनी त्याचं पत्रक माझ्याकडे दिलं, मी ते आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये चिकटवलं आणि विसरलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, लिफ्टवाल्याच्याच इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आणि आत एकटी मामी. मी कामावरून येऊन ती सोडवेपर्यंत तिला वाचायला समोर दुसरं काही नव्हतं. दार उघडलं तेव्हा मला वाटलं, आता माझा उद्धार होणार. ती शांतपणे बाहेर आली आणि म्हणाली, “दोघांची नावं दे. एकवीसवाली.” ज्येष्ठांसाठी तीन किलोमीटरची वेगळी रांग असते, तिथे शेवटी सरबत मिळतं, हे मी तिला परोपरीने सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी सरबताचं नाव पुन्हा काढलं नाही.

सरावाबद्दल काय लिहू? मामी धावते असं म्हणणं धाडसाचं ठरेल. ती वेगाने रागावते आणि पाय मागून येतात. मी, ज्याने पोटापाण्यासाठी आयुष्यभर लोकांना जिना चढण्यापासून वाचवलं, तो रोज पहाटे तिच्यामागे फरफटत जायचो. दुधवाला आम्हाला पाहून सायकलवरून उतरायचा. (आदराने उतरतो असं मला आधी वाटलं होतं. तो हसू आवरण्यासाठी उतरायचा.)

दौडीच्या दिवशी सकाळी मात्र माझी सगळी थट्टा गळून पडली. मैदानात माणसंच माणसं, आणि प्रत्येकाच्या पाठीवर एक माणूस. मामीने आपल्या कापडावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘“होणार नाही” म्हणणाऱ्या सासूबाईंसाठी’. मी नुसतं ‘आजी’ लिहिलं होतं. सुरुवातीच्या दोरीपाशी मोठ्या सिस्टर एका स्टुलावर चढल्या आणि म्हणाल्या, आता सगळ्यांनी आपापल्या माणसाला एकदा मोठ्याने हाक मारा. एकाच वेळी. मामा, मी जत्थेच्या जत्थे ओरडताना ऐकले आहेत, पण ते सगळे एकच काहीतरी ओरडतात. इथे हजारो लोकांनी हजारो वेगवेगळ्या हाका एकदम मारल्या. एकही हाक वेगळी कळली नाही. अंगावर असा काटा आला की मला वाटलं, थंडी वाजली. माझ्या शेजारी मामीने मान वर करून हाक मारली ती अशी: “अहो, ऐकलंत का!” इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मध्ये कुणालाही न घालता.

मग सगळे सुटले, आणि थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की हळू धावणाऱ्याला एक वेगळंच भाग्य लाभतं. सगळं जग त्याला मागे टाकून पुढे जातं, म्हणून सगळ्या जगाच्या पाठी त्याला वाचायला मिळतात. ‘बाबांसाठी’. ‘माझ्या गणिताच्या बाईंसाठी’ (हा केवढा थोरला धिप्पाड माणूस, आणि बाईंचं नाव कसं वळणदार अक्षरात). ‘आई, आई आणि आई’. एक तरुण मुलगी गेली, तिच्या पाठीवर होतं, ‘ज्याचं नाव ठेवायचं राहून गेलं त्याच्यासाठी’. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी धापा टाकायचं विसरलो होतो. एका म्हाताऱ्या गृहस्थांचं कापड कोरं होतं. मामीचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तिने धावता धावता विचारलंच, लिहायचं राहिलं का? ते म्हणाले, “नाही हो. लिहिलं की खरं वाटायला लागतं.” मग पुढचा बराच रस्ता मामी त्यांच्या चालीने चालली. तिला वेग कमी करताना मी आयुष्यात प्रथमच पाहिलं.

रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवायला गर्दी होती. “शाब्बास आजी, जमतंय, जमतंय!” असं कुणी म्हटलं की मामीची पावलं मंद व्हायची. कौतुकाची तिला सवयच नाही, पायांत येतं तिच्या. मग एका केशकर्तनालयाच्या दारात एक न्हावी कात्री हातात घेऊन उभा होता, त्याने तिची पाठ वाचली आणि गंमत म्हणून ओरडला, “होणार नाही!” मामा, काय सांगू! मामी अशी सुटली की मला वाटलं, मागून कुत्रं लागलं. न्हावी चमकला, मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्याच्याबरोबर अर्धवट कापलेल्या डोक्याचं त्याचं गिऱ्हाईक, शेजारचा चष्मेवाला, बसस्टॉपवरची रांग, सगळा रस्ता एका सुरात ओरडायला लागला, “होणार नाही! होणार नाही!” इतकी अनोळखी माणसं एका बाईला इतक्या प्रेमाने नाउमेद करताना मी कधी पाहिली नव्हती. मामी ताठ मानेने, कुणाकडे न बघता, सगळ्यांना खोटं पाडत पुढे चालली होती. मी मागे. माझ्या पाठीकडे बघून कुणी काही ओरडलं नाही. नुसता माझा वेग पाहून एका बाईंनी हळूच बिस्कीट दिलं.

पण शेवटी टेकडी आहे. शुश्रूषागृहाचा चढ. तिथे बघे नव्हते, दुकानं नव्हती, नुसतं ऊन आणि भिंत. अर्ध्या चढावर मामी थांबली, फूटपाथच्या कडेला बसली आणि बुटांकडे बघत राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी घाबरलो. पाणी दिलं, म्हटलं, मामी, पुष्कळ झालं, इथवर आलीस हेच खूप. ती म्हणाली, “गोड बोलू नकोस रे. माझ्या घरात गोड बोलणारं कुणी नको आहे मला.” आणि मग अगदी लहान आवाजात, “ढोल्या, आता कुणी अडवतच नाही रे मला.”

मला काय सुचलं कोण जाणे. मी उभा राहिलो (तेव्हा येत होतं), हनुवटी आजीसारखी वर केली आणि म्हटलं, “तुझ्या हातून होणार नाही.” म्हटल्यावर माझाच धीर सुटला. आता ही मला मारते की रडते, म्हणून मी बघत राहिलो. मामीने बुटांवरची नजर वर केली. मग म्हणाली, “‘गं’ राहिला.”

“काय?”

“‘होणार नाही गं’ म्हणायच्या त्या. ‘गं’ राहिला तुझा.”

मामा, मी हे वाक्य त्या घरात हजारदा ऐकलंय. इतकी वर्षं मध्ये बसून निरोप पोचवले. पण तो ‘गं’ मला कधी ऐकूच आला नव्हता. मी पुन्हा म्हटलं, या वेळी ‘गं’सकट. मामीने डोळे पुसले, माझ्या खांद्यावर हात टेकून उठली, “बघतेच” म्हणाली आणि चढाला लागली. मी तिच्यामागे गेलो ते पायांनी गेलो असं मला आठवत नाही. पायांचं काम तेव्हाच संपलं होतं. एवढं मोठं काही आपल्यासमोर चालत असलं की माणूस आपोआप ओढला जातो, तसा गेलो.

वर पोचलो तेव्हा आमच्यामागे फक्त रस्त्याकडेच्या दोऱ्या गुंडाळणारी माणसं होती. मोठ्या सिस्टरांनी मामीच्या गळ्यात पदक घातलं. मामीने ते उलटसुलट करून पाहिलं, खिशात टाकलं आणि विचारलं, “सासूबाईंची ती वरची खोली रिकामी आहे का?” सिस्टर म्हणाल्या, नाही, आता तिथे एक मुख्याध्यापिकाबाई आहेत, निवृत्त. भेटायला कुणी येत नाही. जेवत नाहीत. मामीने पुढचं ऐकलं नाही. तशीच घामेजलेली, तुमच्या पॅन्टची नाडी सावरत, जिन्याने वर गेली. जिन्याने! मी लिफ्टमध्ये शिरलो आणि तळावर आडवा झालो. (ती रुग्णाची खाट न्यायची लिफ्ट आहे, त्यामुळे पूर्ण मावलो.) वर दार उघडलं तेव्हा उठवेना, म्हणून तिथूनच ऐकलं. मामीचा आवाज आला, “सिस्टर, सांगा यांना, उशी अशी ठेवली तर मान दुखणारच.” मग एक घोगरा, कितीतरी दिवस न वापरलेला आवाज, “सिस्टर, यांना सांगा, आत येताना बूट बाहेर काढायचे असतात.” आणि मग, मामा, मी देवाशपथ सांगतो, वाटीत चमचा फिरल्याचा आवाज आला.

लिफ्टचं दार माझ्या पोटाला लागून मिटत होतं, उघडत होतं. मी हललो नाही. हलावंसं वाटलं नाही. इतकी वर्षं मी लोकांना वर-खाली नेतो आहे, पण आपण कुठल्या उंच जागी येऊन पडलो आहोत असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

असो. पालथं पडून याहून जास्त लिहिता येत नाही, श्वास कोंडतो. प्रकृतीला जपा, इंजिनाजवळ उभं राहून गार पाणी पिऊ नका. मोठ्यांना नमस्कार, आणि जहाजावर मोठं कुणी नसेल तर समुद्राला.

तुमचा (हल्ली फक्त आडवा),
ढोल्या

ता. क. — पत्राचं खरं कारण वर लिहायचं धाडस झालं नाही, ते इथे लिहितो. मामी ठणठणीत आहे असं मी सुरुवातीला लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. आजी गेल्यापासून ती नीट जेवत नाही. मला वाढते, समोर बसते, दोन घास चिवडते आणि ताट उचलते. घरात कुणी तिला चूक म्हणणारं उरलेलं नाही. मी प्रयत्न केला, पण मी तिच्या हातचं जेवतो, मला आवाज लागत नाही. दौडीच्या दिवशी त्या मुख्याध्यापिकाबाईंनी मामीच्या बुटांवरून तिला फैलावर घेतलं, त्या रात्री मात्र ती पोटभर जेवली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामा, तुम्ही बंदरातून फोन करता, ती काहीही म्हणाली की तुम्ही म्हणता, “तुझं बरोबर आहे.” तुम्ही भले गृहस्थ आहात, पण हे बंद करा. हात जोडून विनंती आहे (जोडलेले हात सध्या छातीखाली अडकले आहेत), पुढच्या फोनला तिच्याशी कडकडून भांडा. कशावरूनही चालेल. पोपटी रंगावरून सुरुवात करा.

ता. क. २ — पूर्ण मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटरची असते असं आज कळलं. मामीने त्याचं पत्रक कुठूनसं आणून शीतकपाटावर लावलं आहे. त्या वेळी तुमची सुट्टी असेल असा माझा हिशोब आहे, आणि म्हणून मला तुमच्या गुडघ्यांची काळजी वाटते.

ता. क. ३ — (अक्षर निराळं दिसेल. मी लिहिते आहे.) पाकीट चिकटवायला याने माझ्याकडे दिलं, तेवढ्यात वाचलं. निम्मं खोटं आहे. मी फूटपाथवर बसले नव्हते, नाडी बांधत होते. पदक खिशात टाकलं नाही, ते तुमच्या आईंच्या फोटोला लावलं आहे, तिरकं लागलंय असं त्या म्हणत असणार. मी व्यवस्थित जेवते. आणि याचं ऐकून फोनवर भांडायला लागू नका. तुमचा आवाज तुटत येतो, अर्धं वाक्य समुद्रातच राहतं, काय उत्तर द्यायचं ते माणसाला कळत नाही. भांडायचं तर माणूस समोर लागतं.